मुखपृष्ठावरचं नाव

१९७६ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत 'स्टार वॉर्स' नावाची एक पेपरबॅक कादंबरी आली. मुखपृष्ठावर लेखक म्हणून जॉर्ज लुकास यांचं नाव होतं. त्याच नावाचा चित्रपट थिएटरात लागायला अजून सहा महिने होते. तो लागला २५ मे १९७७ ला, आणि तोही पहिल्या दिवशी चाळीसपेक्षा कमी ठिकाणी. तोवर कादंबरीची सव्वा लाख प्रतींची पहिली आवृत्ती संपूनही गेली होती. ही कादंबरी लुकास यांनी लिहिलेली नव्हती. तिशीच्या उंबरठ्यावरच्या ॲलन डीन फॉस्टर या लेखकानं ती लिहिली होती, आणि पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं.

चित्रपट आधी आणि कादंबरी त्याच्यावरून, हा क्रम मराठी वाचकाला तसा परका आहे. आपल्याकडे अरुण साधूंचं 'सिंहासन' आधी पुस्तक होतं. गो. नी. दांडेकरांचं 'जैत रे जैत', आनंद यादवांचं 'नटरंग', मिलिंद बोकीलांचं 'शाळा' ही सगळीच आधी पुस्तकं होती, पडदा नंतर आला. त्यामुळे पटकथेवरून लिहिलेल्या, इंग्रजीत ज्यांना टाय-इन म्हणतात अशा कादंबऱ्या म्हणजे चित्रपटाच्या दुकानातला माल, असं मानणारे चांगले वाचकही मला भेटतात. मी मात्र ही पुस्तकं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणून वर्षानुवर्षं वाचली आहेत. त्यातले कित्येक चित्रपट मला पुढे फार उशिरा बघायला मिळाले. तोपर्यंत माझ्यासाठी ते विश्व कागदावरच होतं आणि ज्यानं ते कागदावर आणलं तोच त्याचा लेखक होता. त्या लेखकांच्या बाजूनं आज लिहायचं आहे.

पटकथा म्हणजे शंभर-सव्वाशे पानं. साधारण एका पानाला पडद्यावरचं एक मिनिट असा हिशेब. तीत कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच आणि माईकला ऐकू येईल तेवढंच असतं. माणसाच्या मनात काय चाललंय ते नट दाखवणार असतो, वाळवंटातलं ऊन छायाचित्रकार दाखवणार असतो, भीती संगीतकार आणणार असतो. कादंबरीकाराच्या हाताशी यातलं कोणीही नसतं. त्याला हे सगळं एकट्यानं, शब्दांत उभं करायचं असतं आणि तेही फार थोड्या अवधीत, कारण चित्रपटाची तारीख ठरलेली असते आणि पुस्तक त्या सुमाराला दुकानात हवंच असतं. शिवाय त्याच्या हाती येणारी पटकथा शेवटची नसते. चित्रीकरण चालू असतं, दृश्यं बदलत असतात, संकलनाच्या टेबलावर कापली जात असतात.

फॉस्टर यांच्या कादंबरीत हे स्पष्ट दिसतं. पडद्यावर नायक ल्यूक स्कायवॉकर लढाईला निघतो तो लाल तुकडीतून. पुस्तकात तुकडी निळी आहे. पटकथेत ती निळीच होती, पण विमानांच्या प्रतिकृतींचं चित्रण निळ्या पडद्यासमोर करायचं ठरलं आणि त्यात निळा रंग चालेना, म्हणून चित्रपटात ती लाल झाली. ल्यूकचा बालमित्र बिग्ज त्याला गावी भेटतो तो प्रसंगही पुस्तकात आहे. तो चित्रित झाला आणि नंतर कापला गेला. पुस्तक वाचलेल्यांना म्हणूनच शेवटच्या लढाईत बिग्जचा मृत्यू जास्त लागतो, कारण त्या दोघांची मैत्री त्यांनी आधी पाहिलेली असते. सम्राटाचं पॅल्पटीन हे नावही वाचकांना पहिल्यांदा याच पुस्तकाच्या सुरुवातीला भेटलं. चित्रपटांत ते उच्चारलं गेलं ते थेट १९९९ साली.

फॉस्टर यांच्याशी करार दोन पुस्तकांचा होता. पहिला चित्रपट चालला नाही तर दुसरा कमी खर्चात काढता यावा, अशा बेतानं दुसरी कथा लिहायची होती. म्हणून 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' ही १९७८ ची कादंबरी जवळजवळ सगळी एका धुक्यानं भरलेल्या ग्रहावर घडते. धुकं असलं की मागे नेपथ्य लागत नाही. हॅन सोलो तिच्यात नाही, कारण ती भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड पुढच्या चित्रपटासाठी बांधलेले नव्हते. सुरुवातीची अंतराळातली लढाई लुकास यांच्या सांगण्यावरून काढली गेली, कारण ती दाखवायला पैसा लागला असता. पहिला चित्रपट इतका चालला की या काटकसरीची गरजच उरली नाही आणि ही कथा कधीच पडद्यावर आली नाही. पण निर्मात्याच्या तिजोरीकडे बघत आखलेल्या या मर्यादांतून फॉस्टर यांनी जी ओली, चिखलानं भरलेली, श्वास कोंडणारी जागा उभी केली ती वाचताना मला कुठेही कमी खर्चाची वाटत नाही.

याहून कठीण काम पुढच्याच वर्षी त्यांच्यापुढे आलं. 'एलियन' या १९७९ च्या चित्रपटाची कादंबरी त्यांनी लिहिली, तेव्हा त्यातला तो परग्रहावरचा जीव दिसतो कसा हे त्यांना दाखवलंच गेलं नाही. स्टुडिओला गुप्तता राखायची होती. ज्याच्या भीतीवर सगळी गोष्ट उभी, त्याचंच चित्र लेखकाकडे नाही. मग फॉस्टर यांनी त्याचं सविस्तर वर्णन न करता कादंबरी लिहिली. जहाजातला काळोख, माणसांची एकमेकांवरची चिडचिड, कुठून तरी येणारी हालचाल, यांच्यावर त्यांनी भिस्त ठेवली. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या कुणालाही मी हे पुस्तक आवर्जून वाचायला सांगतो. हाती नसलेल्या माहितीभोवती कथा कशी बांधायची, याचा इतका चांगला धडा दुसरीकडे सहज मिळत नाही.

आयझॅक असिमोव्ह यांनीही हे काम केलं आहे. 'फॅन्टॅस्टिक व्हॉयेज' या चित्रपटात एक पाणबुडी माणसांसकट सूक्ष्म करून रुग्णाच्या रक्तात सोडतात. ठरलेला वेळ संपला की सगळं पुन्हा मूळ आकाराचं होणार असतं. चित्रपटात माणसं डोळ्यावाटे बाहेर पडतात, पण पाणबुडीचा चुराडा आतच राहतो. तो मोठा झाला तर रुग्णाचं काय होईल? असिमोव्ह यांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. पुस्तकात त्यांनी पाणबुडी गिळलेली पांढरी पेशीच माणसांच्या मागोमाग बाहेर येईल अशी व्यवस्था केली. लिहायचा त्यांचा वेग एवढा आणि चित्रपटाला लागलेला वेळ एवढा, की १९६६ साली पुस्तक चित्रपटाच्या काही महिने आधीच बाहेर पडलं आणि चित्रपट असिमोव्ह यांच्या कादंबरीवरून काढलाय अशी बऱ्याच जणांची समजूत झाली.

लिहून झालं की पुस्तक लोकांपर्यंत न्यायचं असतं. 'स्टार वॉर्स'च्या बाबतीत ही बाजू चार्ल्स लिपिनकॉट यांनी सांभाळली आणि ती कशी सांभाळली हे प्रकाशनव्यवसायात असलेल्या प्रत्येकानं बघण्यासारखं आहे. सगळ्यांसाठी जाहिरात करण्याआधी विज्ञानकथेच्या वाचकांना गाठायचं, असं त्यांनी ठरवलं. १९७६ च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक संमेलनात आणि सप्टेंबरात कॅन्सस सिटीच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्यांनी चित्रं मांडली. कॅन्सस सिटीत मार्क हॅमिल हा तेव्हा फारसा माहीत नसलेला नायक प्रेक्षकांशी बोलायला आला होता. कादंबरी नोव्हेंबरात निघाली, तिच्या मुखपृष्ठावर राल्फ मॅक्वारी यांचं चित्र होतं. चित्रपटाच्या आधीच मार्व्हलचं कॉमिकही दुकानात आलं. बॅलन्टाइन या प्रकाशनसंस्थेत हे पुस्तक घेणाऱ्या ज्युडी-लिन डेल रे यांची पारख इथं दाद देण्यासारखी आहे. कोणालाच भरवसा नसलेल्या चित्रपटाचं पुस्तक त्यांनी घेतलं.

या सगळ्या धामधुमीत फॉस्टर कुठंच नाहीत. आपल्या पुस्तकाची जाहिरात करायची म्हणजे त्यांच्या बाबतीत गप्प राहायचं. लाखो लोक आपण रचलेली वाक्यं वाचताहेत आणि ती दुसऱ्याची समजताहेत. याबद्दल विचारल्यावर, आपल्याला त्याचं वाईट वाटलं नाही, असंच त्यांनी पुढे सांगितलं. कथा लुकास यांची होती. फ्रँक लॉइड राइट यांनी आखलेल्या घरावर बांधकाम करणाऱ्या कंत्राटदारानं आपलं नाव कशाला मागावं, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांच्या विनयाबद्दल मला फार आदर आहे, पण ही तुलना मला मान्य नाही. कंत्राटदाराच्या हाती प्रत्येक भिंतीचा नकाशा असतो. फॉस्टर यांच्या हाती संवाद होते, थोडी चित्रं होती, आणि माणसांची मनं तर कुठल्याच कागदावर नव्हती. ती त्यांनी भरली. आपल्याकडेही नामवंतांच्या आत्मचरित्रांचं शब्दांकन करणारी माणसं आहेत. पुस्तक गाजतं, समारंभ होतात आणि तासन् तास ध्वनिफिती ऐकून त्यातून माणूस उभा करणाऱ्याचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतं, किंवा नसतंच. ही माणसं हे काम कसं करतात ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे नाव मला महत्त्वाचं वाटतं.

या लेखकांनी दुसऱ्याच्या विश्वाला किती दिलंय याचं माझं आवडतं उदाहरण व्होंडा मॅकिन्टायर यांचं आहे. 'ड्रीमस्नेक' या स्वतंत्र कादंबरीसाठी ह्यूगो आणि नेब्युला ही विज्ञानकथेतली दोन्ही मोठी पारितोषिकं मिळवलेल्या या लेखिकेनं 'स्टार ट्रेक'च्या कादंबऱ्याही तितक्याच जीव लावून लिहिल्या. त्या मालिकेतला सुलू हा जहाजाचा चालक पंधरा वर्षं नुसता सुलूच होता, त्याला पहिलं नावच नव्हतं. १९८१ च्या 'द एन्ट्रॉपी इफेक्ट'मध्ये मॅकिन्टायर यांनी त्याला हिकारू हे नाव दिलं. जपानी साहित्यातल्या गेंजीच्या कथेतून त्यांनी ते घेतलं. दहा वर्षांनी, १९९१ च्या चित्रपटात सुलूनं पडद्यावर आपलं नाव हिकारू असं सांगितलं. टिमथी झान यांचंही तसंच. १९९१ मध्ये त्यांनी 'एअर टू द एम्पायर' लिहिली तेव्हा 'स्टार वॉर्स'चे चित्रपट थांबून आठ वर्षं झाली होती. साम्राज्याच्या राजधानीला त्यांनी कोरुसांट हे नाव दिलं आणि पुढच्या चित्रपटांनी ते जसंच्या तसं उचललं. थ्रॉन हा त्यांचा निळ्या वर्णाचा सेनापती २०१४ मध्ये बाकीच्या जुन्या कादंबऱ्यांबरोबर अधिकृत कथेतून बाद झाला, दोनच वर्षांत एका मालिकेतून परत आला आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष नटाच्या रूपात दिसला. कागदावर जन्मलेलं पात्र लोकांनी विसरायलाच नकार दिला.

दुसऱ्याच्या कथेत शिरून नवं निर्माण करणं आपल्याला कमी दर्जाचं वाटायचं काही कारण नाही. 'ययाति' आणि 'मृत्युंजय' महाभारताच्या अंगणातच उभ्या राहिल्या. कर्णाचं शेवटी काय होणार हे शिवाजी सावंतांच्या प्रत्येक वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक होतं. तरीही लोक ते पुस्तक रात्र रात्र जागून वाचत. फरक एवढाच की महाभारताला मालक नाही. सावंतांनी लिहिलं ते सावंतांचं झालं. हिकारू सुलूचं नाव मॅकिन्टायर यांचं झालं नाही, कारण अशा पुस्तकांचे हक्क करारानं कंपनीकडे जातात आणि लेखकाकडे राहतं ते फक्त ठरलेलं मानधन आणि, असलीच तर, रॉयल्टी.

ती रॉयल्टीही कशी अडते ते नोव्हेंबर २०२० मध्ये जगासमोर आलं. डिस्नेनं २०१२ मध्ये 'स्टार वॉर्स'वाली लुकासफिल्म आणि २०१९ मध्ये 'एलियन'वाली फॉक्स या कंपन्या विकत घेतल्या. त्यानंतर आपल्या 'स्टार वॉर्स' आणि 'एलियन'च्या पुस्तकांची रॉयल्टी मिळेनाशी झाली, असं फॉस्टर यांनी खुल्या पत्रातून सांगितलं. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, ते आणि त्यांची पत्नी दोघंही आजारी होते. अमेरिकेतली विज्ञानकथा लेखकांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आपण हक्क विकत घेतले, देणी नाहीत, असा कंपनीचा युक्तिवाद असल्याचं संघटनेनं जाहीर केलं. हे वाचून मी अस्वस्थ झालो होतो. पुस्तक छापायचा हक्क जर विकत घेता येतो, तर त्या हक्काबरोबर आलेलं लेखकाचं देणं मागे कसं राहील? पुढच्या वर्षी फॉस्टर यांचा प्रश्न सुटला. मात्र त्यांच्यासारख्या इतर लेखकांच्या तक्रारी पुढे आल्या आणि त्यांच्यासाठी अनेक लेखकसंघटनांना मिळून एक गट नेमावा लागला.

आपल्याकडे २०१२ साली स्वामित्व हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यामागे जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर दिलेला लढा होता. चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या आणि संगीताच्या कर्त्याला थिएटरबाहेरच्या वापराची रॉयल्टी सोडून देता येणार नाही, असं त्या दुरुस्तीनं ठरवलं. गीतकार आणि संगीतकारांना त्यानं मोठा आधार मिळाला. चित्रपटावरून कादंबरी लिहिणाऱ्याचा विचार मात्र त्यात वेगळा केलेला नाही. मराठीत आता वेबमालिका निघताहेत, ऐकायच्या कथामालिका लिहवून घेतल्या जाताहेत, आणि त्यांच्यावरून पुस्तकं निघण्याचा दिवस फार लांब नाही. ती लिहायला बसणाऱ्या तरुण लेखकांनी आणि लेखिकांनी पहिलं वाक्य लिहिण्याआधी करारात तीन गोष्टी घालून घ्याव्यात: मुखपृष्ठावर नाव, प्रत्येक आवृत्तीमागे रॉयल्टी, आणि उद्या हक्क दुसऱ्या कंपनीला विकले गेले तर हे देणंही तिच्यावर बंधनकारक राहील असं स्पष्ट कलम.