‘नको’ या शब्दाचा मान

व्यवहारात ‘होय’ या शब्दाला जेवढे मोल आहे, तेवढेच ‘नको’ या शब्दालाही असले पाहिजे. किंबहुना जेथे ‘नको’चा मान राखला जातो, तेथेच ‘होय’ला काही अर्थ उरतो. घरात कोकणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्हां गोमंतकीयांना हे निराळे सांगावयास नको. पाव घेऊन येणारा पदेर आणि मासळीची टोपली घेऊन येणारी बाई आमच्या दारी पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. ओसरीवरून ‘आयज नाका’ एवढे शब्द गेले की पदेर आपली सायकल पुढे काढतो. त्यात राग नाही, रुसवा नाही. विकणाऱ्याला विचारण्याचा अधिकार आहे आणि घेणाऱ्याला नाकारण्याचा. हा अलिखित करार दोघेही पाळीत आले आहेत.

दूरध्वनीवरून माल विकणाऱ्याने मात्र हा करार मोडला आहे. घरात आजारी माणूस नुकते निजले आहे की मुले अभ्यासास बसली आहेत, याची त्याला फिकीर नसते. कोणी कर्ज देऊ करतो, कोणी विमा, कोणी भूखंड. आज एकाला नकार द्यावा, तर उद्या तीच गोष्ट दुसऱ्या क्रमांकावरून पुन्हा विचारली जाते. दहावीचा निकाल लागतो न लागतो तोच शिकवणीवर्गांचे दूरध्वनी पालकांना येऊ लागतात आणि मुलाचे नाव व इयत्ता बोलणाऱ्यास आधीच ठाऊक असते. हे नाव त्यास दिले कोणी, या प्रश्नाला मात्र उत्तर मिळत नाही.

यात आपले पाच मिनिटे जातात, ही हानी लहान आहे. मोठी हानी निराळीच आहे. या उपद्रवाला कंटाळून माणसे अनोळखी क्रमांक उचलीनाशी झाली आहेत. तो दूरध्वनी रुग्णालयातून आलेला असेल, शाळेतून आलेला असेल किंवा रस्त्यात घसरून पडलेल्या आपल्याच मुलाला सावरणाऱ्या एखाद्या सज्जनाचाही असेल. घंटा वाजते आणि कोणी उठत नाही. समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणे ज्यांना असभ्यपणाचे वाटते, अशा वृद्धांची स्थिती तर याहून कठीण. विक्रेता आणि भामटा यांचा आवाज सारखाच गोड असतो आणि भामट्यास हवा असतो तो नेमका असा शांतपणे ऐकून घेणारा श्रोता.

या बाबतीत कायदा अगदीच स्वस्थ बसलेला नाही. २००७ साली देशात ‘असे दूरध्वनी नकोत’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० व २०१८ साली अधिक कडक विनियम केले. १९०९ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून किंवा संदेश पाठवून कोणासही आपला नकार नोंदविता येतो. सर्व जाहिराती बंद करता येतात, किंवा बँक व विमा, घरे व जमिनी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गांतून नको ते निवडून तेवढेच बंद करता येतात. नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरविलेले आहेत, तर बँका व तत्सम वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक कामासाठी १६०० ने सुरू होणारे. ही दोन आकड्यांची खूण घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

‘नोंद करूनही दूरध्वनी येतातच,’ अशी तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो. ती खोटी नाही. नोंदणी न करता साध्या दहा अंकी क्रमांकांवरून धंदा करणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्यावरही उपाय आहे. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीनुसार, नकार नोंदविलेला नसला तरी अशा विक्रेत्याविरुद्ध सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. एकाच विक्रेत्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तर दूरध्वनी कंपनीने त्याच्यावर कारवाई करावयाची आहे. पाच तक्रारी म्हणजे काही डोंगर नव्हे. पण प्रत्येकाने ‘दुसरा कोणी करील’ असे म्हटले, तर एकही होणार नाही. आपण मनातल्या मनात चरफडतो आणि गप्प बसतो. आपल्या या मौनावरच तो धंदा पोसला जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजू आपल्या स्वतःच्या वागण्याची आहे. बक्षिसाच्या सोडतीची चिठ्ठी भरताना किंवा दुकानात बिल देताना आपण क्रमांक सहज सांगून टाकतो. ग्राहकाने क्रमांक दिलाच पाहिजे असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दिलेली आहे. ‘क्रमांक कशासाठी हवा?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने दिला, तो केवळ न्यायालयाच्या कपाटात राहण्यासाठी नव्हे. आणि हा नियम आम्हां शिक्षकांनाही लागू आहे. प्रवेशअर्जावरील पालकांचे क्रमांक ही शाळेकडे सोपविलेली ठेव आहे; ती विश्वस्ताच्या काळजीनेच सांभाळली गेली पाहिजे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. तारेच्या पलीकडे बोलणारा बहुधा पोटासाठी राबणारा एखादा तरुण असतो. दिलेला मजकूर वाचावयाचा आणि दिवसाची संख्या भरावयाची, एवढेच त्याच्या हाती असते. त्याला शिवीगाळ करणे हा पुरुषार्थ नव्हे. ‘नको, धन्यवाद’ म्हणावे, दूरध्वनी ठेवावा आणि तक्रार योग्य ठिकाणी करावी. दृढपणा आणि सभ्यता यांचे काही वैर नाही.

विद्यार्थिमित्रहो, ही यंत्रे तुमच्या हातांना आमच्यापेक्षा अधिक सरावलेली आहेत. तेव्हा येत्या सुट्टीत एक काम कराच. घरातील आजी-आजोबांजवळ बसा, त्यांना काय हवे आणि काय नको ते विचारा आणि त्यांच्या संमतीने १९०९ वर त्यांचा नकार नोंदवून द्या. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांनाही विचारा. नकोसा दूरध्वनी आला तर तक्रार कशी करावयाची, तेही त्यांना एकदा करून दाखवा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात अधिकारांची व्याख्या तुम्ही पाठ करता. ते अधिकार प्रत्यक्ष वापरावयाचे कसे, याचा पहिला धडा असा घरातच गिरविता येईल.