एकी, बेकी आणि एक तक्ता

आपल्या भाषेने आकड्यांच्या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. संस्कृतातून आलेली जोडी घ्या, सम आणि विषम. सम म्हणजे सारखे, तोल असलेले. समता, समतोल, समभाव, सगळे शब्द कसे शहाण्या मुलासारखे. आणि विषम? विषमता, विषम परिस्थिती, विषमज्वर! म्हणजे २, ४, ६ सज्जन आणि १, ३, ५ वांड.

आता घरातली जोडी घ्या. मुठीत चिंचोके धरून 'एकी का बेकी?' हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी खेळला असेल. इथे एकी म्हणजे विषम आणि बेकी म्हणजे सम. पण एकी म्हणजे ऐक्यसुद्धा, आणि बेकी म्हणजे फूट, भांडण. झाले की नाही उलटे? इथे १, ३, ५ गुण्यागोविंदाने नांदणारे आणि २, ४, ६ भांडखोर. (शाळेत 'बाई, एकीला जाऊ?' म्हणून करंगळी वर होते तो एकीचा आणखी एक अर्थ, तो सोडून देऊ.)

एकाच भाषेत, एकाच घरात, त्याच आकड्याला एकदा चांगला म्हणायचे आणि एकदा वाईट. यावरून एवढे तरी कळावे की चांगलेवाईटपणा आकड्यात नाही. आकड्यात आहे ते इतकेच: जोड्या लावल्या तर एक उरतो की नाही. उरला तर विषम, नाही उरला तर सम. बाकी सारे आपण चिकटवलेले.

मन मात्र हे ऐकत नाही, आणि मनाचे हे वागणे मोजून पाहिलेले आहे. पडद्यावर अंक दाखवायचा आणि सम की विषम ते बटण दाबून सांगायचे, असा एक प्रयोग असतो. अमेरिकेतल्या टेरेन्स हाइन्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केले की विषम अंक ओळखायला लोकांना किंचित जास्त वेळ लागतो. आता, ७ विषम आहे हे काय कुणाला माहीत नसते? तरी बोट अडखळते. याचे एक कारण भाषेत शोधले जाते. इंग्रजीत विषमला जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ 'विचित्र' असा. आपल्याकडे तर 'सम'लाच 'वि' लावून 'विषम' बनवलाय, म्हणजे मूळ सम आणि विषम हा त्याचा बिघाड! शब्दच असा घडवल्यावर मन का अडखळणार नाही?

माणसे सोडून मधमाश्यांकडे बघा. ऑस्ट्रेलियात मधमाश्यांना १ ते १० आकृत्यांची कार्डे दाखवून शिकवले गेले. काहींना सम कार्डावर साखरपाणी आणि विषमवर कडू पाणी, काहींना याच्या उलट. २०२२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. माश्या शिकल्या. कधी न पाहिलेल्या ११ आणि १२ आकृत्या समोर ठेवल्या तरी बऱ्याच वेळा बरोबर निघाल्या. आणि गंमत म्हणजे ज्यांना विषमवर साखर होती त्या लवकर शिकल्या, आपल्या बरोब्बर उलट. मधमाशीला 'विषमता' हा शब्द ठाऊक नाही, तिला ठाऊक आहे ते साखरपाणी. आपल्यालाही लहानपणापासून कुणीतरी अशीच साखर आणि कडू पाणी लावत आलेले आहे, एवढेच माझे म्हणणे.

आपली साखर कोणती? आहेराच्या पाकिटात ५१ किंवा १०१, वर एक रुपया हवाच. गणपतीला दूर्वा २१, मोदक २१, सवाष्णी पाच, पावले सात. म्हणजे विषम शुभ? मग 'तीन तिघाडा काम बिघाडा' कुठून आले? तेराव्याचे जेवण कुठून आले? लग्न ठरले की दोनाचे चार हात होतात, तेव्हा सम शुभ. कुणाचे बारा वाजले की तेच सम अशुभ. जपानात लग्नाच्या पाकिटात नोटा विषम संख्येने घालतात, कारण समचे दोन सारखे भाग पडतात. शेजारच्या चीनमध्ये चांगली गोष्ट जोडीने यावी म्हणून सम बरे. रशियात फुले सम संख्येने नेली तर ती मयताची.

या सगळ्याला माझा विरोध नाही. मीही पाकिटावर रुपया चिकटवते. बायका एकवीस मोदक मोजत बसतात त्यात कुणाचे काही जात नाही, झालाच तर मोदक वळायचा सराव होतो. भांडण आहे ते पुढच्या पायरीवर. ही चव आहे, ज्ञान नव्हे, हे विसरून जेव्हा माणसे तिच्यावर आयुष्याचे निर्णय उभे करतात तेव्हा.

आणि पुढची पायरी कायम एकच असते, बाई आणि पुरुष. ग्रीसमध्ये पायथागोरसच्या अनुयायांनी जगाची दोन रकान्यांत वाटणी केली होती, ती अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवली आहे. विषम, उजवे, पुरुष, उजेड, चांगले हे एका बाजूला. सम, डावे, स्त्री, अंधार, वाईट हे दुसऱ्या बाजूला. २०१२ साली जेम्स विल्की आणि गेलन बोडेनहाउझेन या संशोधकांनी लोकांना अनोळखी परदेशी नावे आणि तान्ह्या बाळांचे फोटो दाखवले, शेजारी नुसता १ किंवा २ छापून. शेजारी १ असला की ते नाव, ते बाळ मुलाचे वाटण्याकडे कल जास्त. अडीच हजार वर्षांनीही रकाने तेच!

आमच्याकडे रकाने उलटे. मनुस्मृती आणि सुश्रुतसंहिता दोन्ही सांगतात की ऋतुकालातल्या सम रात्री मुलाच्या आणि विषम रात्री मुलीच्या. म्हणजे ग्रीसमध्ये विषम पुरुष, आणि आमच्याकडे समचे पोटी पुरुष. दोघांनीही पुरुषाला आपल्या आवडत्या आकड्यापाशी बसवले, यापलीकडे त्यात मला काही दिसत नाही.

आता मूळ भांडणावर येते. २०२० साली एका प्रसिद्ध कीर्तनकारांनी सम तिथीला मुलगा, विषम तिथीला मुलगी असे सांगितले, गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेले. तेव्हा आपल्या घरातले सगळे हसले होते. तेच वाक्य रंगीत तक्त्याच्या रूपाने गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले, खाली 'शास्त्रोक्त' असा शिक्का, आणि या वेळी कुणी हसले नाही. चौघांनी हात जोडले. एकीने तर 'धन्यवाद काका, योग्य वेळी मिळाले' असे लिहिले. वाचून माझ्या पोटात गोळा आला.

तक्ता मी नीट वाचला. जुन्या ग्रंथांत मोजणी आहे पाळीच्या पहिल्या दिवसापासून. कीर्तनात ती तिथी झाली. तक्त्यात ती इंग्रजी तारीख झालीय! एकाच रात्री तारीख सम, तिथी विषम आणि पाळीचा दिवस आणखी तिसराच असू शकतो. मग त्या बिचाऱ्या गर्भाने कुठले कॅलेंडर बघायचे? ३१ जानेवारी विषम आणि दुसऱ्या दिवशी १ फेब्रुवारी, तीही विषम. साध्या वर्षात विषम तारखा १८६ येतात आणि सम १७९ (मोजून बघा, ३१ दिवसांचे महिने सात आहेत). तक्ता खरा असता तर जगात मुली जास्त जन्मल्या असत्या. प्रत्यक्षात निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात.

शिवाय शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. रात्र २० तारखेची आणि गर्भधारणा २३ची, असेही होते. आणि मुलगा की मुलगी हे शुक्रजंतूत एक्स आहे की वाय यावर ठरते, म्हणजे पुरुषाकडून. हे शाळेच्या विज्ञानात आहे आणि हात जोडणाऱ्या चौघांनीही ते शिकलेले आहे.

मग तक्ता टिकतो कसा? कारण तो निम्म्या वेळा बरोबर येतो. चार घरांनी वापरला तर दोन घरांत मुलगा होतो, ती दोन घरे पेढे वाटतात आणि पेढ्यांबरोबर तक्ताही. उरलेली दोन घरे गप्प बसतात.

गप्प तरी कुठे बसतात! आपल्याच नात्यातल्या एका घरात पहिली मुलगी होती, दुसऱ्या वेळी सुनेच्या हातात असाच एक कागद दिला गेला. तिने तारखा पाळल्या. दुसरी मुलगीच झाली. तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या? 'हिने मोजण्यात घोळ घातला असणार.' तक्ता चुकला नाही, सून चुकली. ती मुलगी शाळेत जाते, हुशार आहे, आणि 'तू विषम तारखेची' असे तिला एका मोठ्या माणसाने माझ्यादेखत, थट्टेत म्हटलेले आहे. मी तिथल्या तिथे जे बोलायचे ते बोलले, इथे पुन्हा लिहीत नाही.

महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या, २०११च्या जनगणनेत ८९४. हे एकट्या तक्त्याने झाले असे मी म्हणत नाही, तक्त्यात तेवढी ताकदच नाही. पण मुलगा 'मिळवायची' गोष्ट आहे, त्यासाठी काहीतरी करता येते, ही सवय तो लावतो. तारखा फसल्या की पुढची पायरी कोणती, हे सांगायला नको. गर्भधारणेआधी लिंगनिवडीची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, आणि कायद्यातल्या 'जाहिरात' शब्दात इंटरनेटही येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हात जोडणाऱ्यांनी हेही वाचावे.

थोडा दोष मी शाळेवरही टाकते. शेवटी ०, २, ४, ६, ८ असेल तर सम, हा नियम मुले घडाघडा म्हणतात. मग एखादे पोर ३६ला विषम म्हणते, का तर पुढे ३ आहे! कारण त्याच्या हातात चिंचोके कधी दिलेच नाहीत. दहाची जोडी नेहमीच लागते, म्हणून दशक बघावे लागत नाही, सुटे तेवढे बघायचे, हे जोड्या लावल्यावरच कळते. मराठीत तर छत्तीस, त्रेचाळीस म्हणताना सुटा अंक आधी कानावर पडतो, सम-विषम तोंड उघडताक्षणी कळते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' आले तेव्हा एवढा वाद झाला, पण त्यात हा मुद्दा काढलेला माझ्या तरी वाचनात आला नाही. असो, तो वेगळा विषय.

दोन विषम संख्यांची बेरीज सम का येते? इकडचा एक उरलेला आणि तिकडचा एक उरलेला, दोघांची जोडी लागते. हे ज्या मुलीने स्वतः चिंचोके मांडून पाहिले तिला उद्या कुणी सांगितले की विषम म्हणजे अमुक आणि सम म्हणजे तमुक, तर ती विचारील, 'का? उरलेला चिंचोका कुठे गेला?' नुसता नियम पाठ केलेल्याकडे असा प्रश्न नसतो, त्याच्याकडे रिकामी जागा असते आणि तिथे कुणीही येऊन काहीही भरतो.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत आपल्या ग्रुपचे दोन्ही अ‍ॅडमिन आहेत, मला ठाऊक आहे. तक्ता अजून तिथेच आहे. तो आज काढा. आणि जिने 'योग्य वेळी मिळाले' असे लिहिले तिने मला फोन करावा, दुपारी चारनंतर मी घरीच असते.