टापांचा थोडा त्रास

मेरठच्या पोस्टिंगमध्ये एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसती सुरुवात झाली तरी कपाळाला आठी पडते. "घोडा तसा गुणी आहे, फक्त टापांचा थोडा त्रास आहे. कुणी चांगला माणूस मिळाला तर फुकट देऊन टाकू."

मी आरव्हीसीत नालबंद. अठरा वर्षं घोड्या-खेचरांचे पाय गुडघ्यांत धरून काढली. माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. खुराचं जुनाट दुखणं असलेला घोडा द्यायचा तर त्याच्याबरोबर त्याची सगळी कागदपत्रं द्यावीत आणि पुढच्या खर्चाची सोयही करून द्यावी. ते जमत नसेल तर डॉक्टरांच्या हातून त्याला शांतपणे जाऊ द्यावं. फुकट देण्यापेक्षा ते बरं.

आधी दुखणं समजून घ्या. खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला नाजूक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. घोड्याचं वजन चार-पाचशे किलो, त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर. लॅमिनायटिस झाला की हे पापुद्रे सुजतात, पकड सुटते आणि हाडाचं टोक खाली तळव्याकडे झुकतं. घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो. आपल्याकडचं जुनं कोडं आहे ना, घोडा का अडला, भाकरी का करपली? उत्तर, न फिरवल्यामुळे. या आजारात मात्र अडलेला घोडा फिरवला की संपलाच.

एकदा झुकलेलं हाड सांभाळता येतं, पण त्यासाठी दर पाच-सहा आठवड्यांनी खूर छाटणं, कानस मारणं, लागला तर वेगळा नाल, मधूनमधून एक्स-रे, खायला मोजून कोरडा चारा. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पुढची भिंत पूर्ण नवी यायला नऊ महिने ते वर्ष. फौजेत जनावराचा नंबर खुरावर डागतात. तो खुराबरोबर खाली सरकत जातो आणि पुन्हा डागावा लागतो. हा नंबर सरकताना ज्यानं पाहिलाय त्याला खुराचा हिशेब महिन्यांत करायची सवय लागते. फुकट घोडा नेणाऱ्याला ती नसते.

छावणीजवळच्या एका रायडिंग क्लबातला पारा नावाचा पांढरा घोडा मला दाखवला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मुलांना शिकवून शिकवून शहाणा झालेला. दोन्ही पुढच्या खुरांवर कड्या उमटलेल्या, टाचेकडे रुंद होत गेलेल्या. नालबंदाला याहून जास्त सांगावं लागत नाही. न्यायला तिघे आले. पहिला लग्नाच्या वरातींना घोडे पुरवणारा. डांबरी रस्ता, बँड आणि पाठीवर नवरदेव! दुसरे एका शाळेचे, "फक्त लहान मुलं बसवू" म्हणाले. कामाला अयोग्य जनावर कामाला लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे दोघांनाही नवं होतं. आणि एक लक्षात ठेवा, वेदना दाबणारं औषध देऊन उभा केलेला घोडा बघायला येणाऱ्याला लंगडताना दिसत नाही. चौथ्या मालकाकडे पोहोचेपर्यंत त्याचा इतिहास पुसला जातो.

तिसरे एक निवृत्त सुभेदारसाहेब, रुरकीकडचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाता क्या है?" मी तिथेच निश्चिंत झालो. त्या मुलखात ऊस आणि गुऱ्हाळं, आपल्या कोल्हापूर-साताऱ्यासारखीच. प्रेमानं गूळ-चणे चारणारे शेजारी हा अशा घोड्याचा सगळ्यात मोठा शत्रू. वैरी निदान लांबून ओळखता येतो. सुभेदारसाहेबांनी गोठ्यावर पाटी लावली, 'गुड़ मना है'. क्लबकडून आम्ही जुने एक्स-रे, छाटणीच्या तारखा आणि वर्षभराच्या नालबंदीचे पैसे लिहून घेतले. स्वार बसवायचा नाही, विकायचा नाही, जमलं नाही तर परत करायचा, अशाही अटी घातल्या. क्लबातले काही जण नाराज झाले. "फुकट देतोय, वर पैसेही द्यायचे?" हो, द्यायचे. चौदा वर्षांच्या घोड्यानं तुमची फी कमावून दिलीय.

"पण इंजेक्शन देऊन मारण्यापेक्षा कुठेतरी जगेल तरी," असं एक बाई रडत म्हणाल्या. त्यांचं दुःख खरं होतं. पण 'कुठेतरी' म्हणजे काय हे मी पाहिलंय, तळव्यातून हाड दिसायला लागलेल्या घोड्याचा पाय हातात घेऊन. त्या बाईंना मी ते वर्णन करून सांगितलं नाही, इथेही करत नाही.

पाऱ्याला तिकडे जाऊन सात महिने झाले. नव्या भिंतीचा दोन तृतीयांश भाग सरळ आलाय, फोटो बघितले. माझी बदली झालीय आणि सुभेदारसाहेबांचा जुना नालबंद गावी गेला. रुरकी-हरिद्वार पट्ट्यात आपला कुणी माजी नालबंद राहत असेल तर कळवा. पुढची छाटणी दोन आठवड्यांवर आहे.