ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा? असं ओळखतात
लोणी काळभोरसारख्या ऊसपट्ट्यात चिखलात मोठा ठसा दिसला की 'बिबट्या आला' हा मेसेज ग्रुपवर फिरू लागतो. वनकर्मचारी आधी नखं पाहतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो (घसरड्या चिखलात कधी उमटतातही). कुत्रा, लांडगा, तरस यांची मात्र दिसतात.

पण बिबटे किती, हे ठसे सांगत नाहीत. एकाच जनावराचा ठसा ओल्या मातीत मोठा, कडक जमिनीवर लहान दिसतो. व्याघ्रगणनेची भिस्त याच ठशांवर होती. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नसल्याचं उघड झालं आणि पुढच्या गणनेत कॅमेरे आले.

शेतात ठसा दिसला तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, वर घमेलं पालथं घाला आणि १९२६ या वन हेल्पलाइनवर कळवा. माग काढत उसात शिरू नका.