तारेचा हेडफोन : एका शिक्षकाचें मत

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गाची सहल अजिंठ्याच्या लेण्यांस गेली होती. वाघोरा नदीच्या कांठच्या कड्यांत खोदलेल्या त्या तीस लेण्यांपैकीं सव्विसाव्या लेण्यांत आम्ही शिरलों. हें चैत्यगृह, त्याचें छत कमानदार असल्यामुळें हळू बोललेला शब्दही क्षणभर घुमत राहतो. मुलें स्तब्ध होऊन तो घुमारा ऐकत होतीं. एक विद्यार्थी मात्र महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीवरून तसाच पुढें निघून गेला. त्याच्या दोन्ही कानांच्या छिद्रांत बिनतारी इअरबड होते. मीं दोनदां हांक मारली. ती त्यास ऐकूं आली नाहीं.

या प्रसंगानंतर कांहीं पालकांनीं मला विचारलें, “सर, मुलांना ऐकण्यासाठीं कोणतें साधन घेऊन द्यावें?” वस्तु लहान आहे, परंतु प्रश्न कानांचा आहे, म्हणून उत्तर येथें थोडें विस्तारानें देतों.

हेडफोन ही कांहीं कालची वस्तु नव्हे. अमेरिकेंतील युटा प्रांताच्या नाथानिएल बाल्डविन यांनीं आपल्या स्वयंपाकघरांत तयार केलेले हेडफोन तेथील आरमारानें १९१० च्या सुमारास विकत घेतले. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, त्या काळीं साधा स्फटिकाचा रेडिओ बाळगणाऱ्या श्रोत्यास हेडफोन कानास लावूनच ऐकावें लागे; कारण त्या रेडिओस विजेची जोड नसे व कर्णा वाजविण्याइतकें बळ त्यांत नसे. १९७९ सालीं सोनी कंपनीचा वॉकमन निघाला आणि स्पंजाच्या गादीचा हलका हेडफोन रस्त्यानें चालणाऱ्या माणसाच्या कानांवर जाऊन बसला. पुढें २०२० सालच्या टाळेबंदींत शाळाच मोबाइलवर भरूं लागल्या, तेव्हां तो घरोघर आला.

आज बाजारांत मुख्यतः तीन प्रकार मिळतात : कानाच्या छिद्रांत बसणारा, सबंध कान झांकणारा, आणि कानावर नुसता टेकणारा. माझें मत असें आहे कीं, विद्यार्थ्याच्या नित्याच्या उपयोगास तारेचा व कानावर टेकणारा हेडफोन सर्वांत बरा. त्यास चार्ज करण्याची यातायात नाहीं. बिनतारी यंत्रांतील बॅटरी कांहीं वर्षांनीं क्षीण होते आणि ती बदलून मिळणें बहुधा कठीण असतें. तार तुटली तर ती बहुधा पिनेपाशीं तुटते, व बाजारांतील कारागीर डाख देऊन ती पुन्हां जोडूं शकतो. शिवाय बिनतारी यंत्रांत आवाज किंचित् उशिरा पोहोंचतो. भजनाच्या सरावास बसणाऱ्यास तो उशीर जाणवल्यावांचून राहत नाहीं. मात्र एक गोष्ट आधीं पाहावी : हल्लींच्या पुष्कळ मोबाइलांस पिनेचें गोल छिद्रच नसतें. तेथें वेगळा जोड घ्यावा लागतो.

या हेडफोनचा मोठा दोष म्हणजे तो बाहेरचा आवाज अडवीत नाहीं. मी यासच त्याचा गुण समजतों. आईनें हांक मारली, दाराची कडी वाजली, धाकटें भावंड रडूं लागलें, तर तें ऐकूं येतें. परंतु हाच गुण एस. टी. च्या गाडींत घातक ठरतो. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं मनुष्य आवाज वाढवीत जातो व कान थकवितो. म्हणून तो घरीं वापरावा, प्रवासांत नव्हे. आणि रस्त्यावर तर कोणतेंच यंत्र कानास लावूं नये.

घेतांना पारख कशी करावी? दुकानांत मिनिटभर लावून समाधान मानूं नये. जमल्यास अर्धा तास डोक्यावर ठेवावा. पाळीवर दाब पडून कान दुखूं लागले, किंवा चष्म्याची दांडी टोचूं लागली, तर तो कितीही सुरेल असला तरी निरुपयोगी. मग आपल्या नित्य परिचयाचें एखादें गीत लावावें. डग्ग्याचा घुमार शब्दांवर चढत असेल, तर त्या यंत्रावर पाठ ऐकणें त्रासाचें होईल. शेवटीं पिनेजवळची तार हळूच हलवून पाहावी; आवाज खरखरला किंवा एका कानांत बंद पडला, तर तो हेडफोन परत ठेवावा.

तथापि उत्तम यंत्रही अविचारानें वापरल्यास अपाय करितें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस आठवड्यांतून ४० तास ८० डेसिबल, व मुलांस तितकेच तास ७५ डेसिबल, अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलनें वाढला कीं सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. आपल्या अंतःकर्णांत ध्वनि टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म पेशी आहेत, त्या एकदां नष्ट झाल्या म्हणजे मनुष्यास पुन्हां फुटत नाहींत. दांत पडला तर कवळी बसवितां येते. या पेशींस तसा पर्याय नाहीं. म्हणून मोबाइलचा आवाज पूर्ण मापाच्या साठ टक्क्यांहून कमी ठेवावा, आणि कानांत गुणगुण होऊं लागल्यास यंत्र तत्काळ उतरवावें. पालकांनीं हातभर अंतरावरून साध्या आवाजांत मुलाचें नांव घ्यावें. त्यानें मान वर केली नाहीं, तर आवाज अधिक आहे असें समजावें.

विद्यार्थिमित्रांनो, बाल शमुवेलाची कथा तुम्हांस ठाऊक आहे. रात्रीं निजला असतां त्यास हांक आली. ती कोणाची हें त्यास उमगलें नाहीं व तो तीन वेळां वृद्ध एलीकडे धांवत गेला. हांक ओळखण्यास त्याला वेळ लागला. परंतु कान मोकळे होते म्हणून ती त्याच्यापर्यंत पोहोंचली. तुम्ही गाणें अवश्य ऐका, पाठ ऐका, दूरदेशच्या विद्वानांचीं व्याख्यानें ऐका. पण जें यंत्र गाणें ऐकवितें आणि हांकही ऐकूं देतें, तेंच घरीं आणा. आमचा तो विद्यार्थी परत आला, त्यानें इअरबड काढून खिशांत ठेवले, आणि त्याच लेण्यांत उभें राहून आपल्या सोबत्यांचा घुमणारा आवाज बराच वेळ ऐकला. ‘पुन्हां एकदां बोला,’ असें तो त्यांस म्हणत होता.