गोळी रोजची की आठवड्याची?

सोनपेठ तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आम्ही पाहतो. अशा घरातल्या चार वर्षांच्या लेकराला रक्ताचा कर्करोग झाला तर त्याचे औषधपाणी कसे होणार, याचा विचार शासनाने केला आहे काय?

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग आज बरा होऊ शकतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात केमोथेरपी होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून खर्चालाही आधार मिळतो. परंतु त्यानंतर दीड-दोन वर्षे उपचार चालतो तो घरी, आईच्या हातून. मर्कॅप्टोप्युरीनची गोळी रोज, मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदाच. दोन्ही बहुधा फिकट पिवळ्या. मात्रा मुलाच्या उंची-वजनावर ठरते आणि रक्ततपासणीनुसार बदलते. कधी अर्धी गोळी, कधी दीड. आणि चिठ्ठी इंग्रजीत!

आठवड्याची मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिली गेली तर तोंड फोडांनी भरते, रक्तपेशी घटतात, जंतुसंसर्गाने मूल दगावू शकते. उलट, रोजच्या गोळ्या वारंवार चुकल्या तर बरा होत आलेला आजार उलटण्याचा धोका वाढतो.

मूल गेले की म्हटले जाते, ‘आई अडाणी होती.’ आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. अशा चुका अमेरिकेतल्या शिकलेल्या घरांतही होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांतील चुका कमी करण्याची जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा माणसाला दोष देण्याऐवजी व्यवस्था सुधारण्यावर भर दिला. जिला अक्षर शिकू दिले नाही, तिच्याच हाती इंग्रजी कागद द्यायचा आणि वर तिलाच दोषी ठरवायचे, हा कुठला न्याय?

कायदा काय सांगतो? 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला समजावून सांगणे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. घटनेच्या कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या शांता निकालानुसार, सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे गरिबाला दादही सहजी मागता येत नाही. म्हणून चूक होण्याआधीच ती रोखली पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. आठवड्याच्या गोळीचे पाकीट वेगळे असावे आणि त्यावर ‘फक्त बुधवारी’ असे वाराचे नाव मराठीत ठळक लिहावे. आईने काय समजले ते तिच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय तिला घरी पाठवू नये. मात्रा बदलली की जुनी चिठ्ठी परत घ्यावी. ऊसतोडीच्या फडावरही चालेल असे उपचारकार्ड आणि शंका विचारायला एक फोन नंबर द्यावा. आशाताईंना याचे प्रशिक्षण द्यावे.

समाजातील शिकलेल्या तरुणांनीही अशा घरी जाऊन वारांचा तक्ता भिंतीवर लावून द्यावा, दिलेल्या गोळीपुढे खूण करायला शिकवावे. मात्रेत मात्र स्वतः बदल करू नये, डॉक्टरांनाच विचारावे.

बाबासाहेब आणि रमाईंनी आपली चार लेकरे गमावली. राजरत्न 1926 साली गेला. लेकरू जाण्याचे दुःख या चळवळीने घरातच पाहिले आहे. आज औषध आहे, योजना आहे. तरीही न वाचता येणाऱ्या एका चिठ्ठीपायी आपण लेकरे गमवायची काय? याचे उत्तर शासनाने द्यावे, आणि ते मिळेपर्यंत आपण स्वस्थ बसू नये.