आपली आज्ञाधारक, एला

शाळेत मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचो तेव्हा शेवटी काय असायचं आठवतंय? 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी'. मार्क कापले जाऊ नयेत म्हणून ते शब्द अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलेत मी. पुढे नोकरी लागली. अर्ज लिहायचे थांबले, पण ती सही काही सुटली नाही. "फक्त दोन तासांचं काम आहे रे, शनिवारी बघून टाकशील ना?" आणि आपलं उत्तर कायम, "हो सर."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक पुस्तक. मामेबहिणीला वाढदिवसाला द्यायला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं आणि द्यायच्या आधी चाळायला म्हणून उघडलं. रात्री दीड वाजता संपवूनच झोपलो. गेल कार्सन लिव्हाइन यांची 'एला एन्चांटेड'. मुखपृष्ठावरून वाटतं, राजकन्या-टाइप काहीतरी असणार. तशीच आहे! राजपुत्र आहे, पऱ्या आहेत, राक्षस आहेत, काचेचे बूटसुद्धा आहेत.

लेखिकेचीही गंमत आहे. ही तिची पहिली प्रसिद्ध झालेली कादंबरी, आली १९९७ मध्ये. बाईंचा जन्म १९४७ चा, म्हणजे पदार्पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तोपर्यंत न्यूयॉर्क राज्य सरकारात नोकरी, आणि लिहिलेलं सगळं सुमारे नऊ वर्षं साभार परत. मग ही कादंबरी आली आणि १९९८ मध्ये तिला थेट न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतल्या बालसाहित्यातला मोठा सन्मान मिळाला. सत्ताविसाव्या वर्षी 'आता काय उशीर झाला' म्हणत उसासे टाकणाऱ्या माझ्यासारख्यांनी नोंद घ्यावी.

लिव्हाइनबाईंना सिंड्रेलाची गोष्ट नव्याने सांगायची होती, पण प्रश्न असा पडला की ही मुलगी सगळ्यांचं एवढं ऐकते का? उत्तर त्यांनी भन्नाट शोधलं. ती ऐकते कारण तिला शापच आहे! ल्युसिंडा नावाची एक आगाऊ परी तान्ह्या एलाला 'भेट' देते, आज्ञाधारकपणाची. कुणीही थेट हुकूम सोडला की एलाला तो पाळावाच लागतो. पाचव्या वाढदिवसाला "खा" म्हटल्यावर ती केक खातच सुटते, आई थांब म्हणेपर्यंत.

पण पोरगी वस्ताद आहे. स्वयंपाकीणबाई म्हणते, मी अंडी फेटते, तू भांडं धर. ही भांडं धरते, पण पाय हलवत राहते. बिचारी मॅन्डी तिच्यामागे स्वयंपाकघरभर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. रिक्वायरमेंटमध्ये जे लिहिलं तेच केलं, अक्षरशः तेवढंच :)

राजपुत्र चार्मंटबरोबरचं प्रेमही गोड आहे. जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंड्या, एकमेकांना लांबलचक पत्रं, चेष्टामस्करी. आमच्या कुमारवयात हे नव्हतं. फास्टर फेणे होता, साहस भरपूर होतं, पण प्रेम म्हटलं की डायरेक्ट मोठ्यांचं कपाट. मधल्या वयासाठी हसतखेळत लिहिलेलं असं काही मराठीत आणखी यायला हवं, असं मला फार वाटतं. आपल्याकडे 'हलकंफुलकं' म्हणजे 'किरकोळ' असा एक समज आहे. ही गोष्ट हलकीफुलकी आहेच, पण 'ऐकणारी मुलगी गुणाची' या वाक्याला तिने जेवढा सुरुंग लावला, तेवढा कुठल्याच भाषणाला लावता आला नसता.

(पुढचा परिच्छेद शेवट फोडणारा आहे. वाचायचं असेल तर सरळ खाली उडी मारा.)

एला शाप मोडते ती राजपुत्राला नकार देऊन. त्याच्याशी लग्न झालं तर शापाचं गुपित वापरून कुणीही तिच्या हातून त्याचा जीव घेऊ शकेल. म्हणून तो 'लग्न कर' म्हणत असताना, स्वतःलाही तेच हवं असताना, ती सगळी ताकद लावून नाही म्हणते. २००४ च्या सिनेमात, ॲन हॅथवेवाल्या, हा शेवट बदललाय. तिथे ती आरशात बघून स्वतःलाच हुकूम देते. मला पुस्तकातलाच पटला.

आधी पटला नव्हता, खरं सांगतो. म्हटलं, हिला स्वतःसाठी का नाही नाही म्हणता आलं? दुसऱ्याचा जीव धोक्यात आल्यावरच का? मग माझाच एक किस्सा आठवला. एकदा ऐन दिवाळीत रिलीज आलं. मला थांबायला सांगितलं तेव्हा मी नेहमीसारखी मान डोलावली. पण टीममध्ये नुकत्याच आलेल्या, घरी जायचं तिकीट काढून बसलेल्या मुलीलाही "तूच सांग तिला" म्हटल्यावर तोंडातून चक्क "नाही सांगणार" निघालं. आवाज कापत होता. आभाळ काही कोसळलं नाही. आणि गंमत म्हणजे पुढच्या महिन्यात स्वतःसाठी नाही म्हणणं बरंच सोपं गेलं.

असो. पुस्तक मामेबहिणीला दिलं. मामी म्हणाली, "वाच गं लगेच, दादाने एवढं आणलंय."
ती म्हणाली, "वाचेन, मला वाटेल तेव्हा."
हिला या पुस्तकाची फारशी गरज नसावी. मलाच होती.